सुट्ट्या पैशांचा दुष्काळ आणि दुकानदारांची नाणी

व्यवहारात मान मोठ्या नोटेला असतो. परंतु दुकान चालते ते सुट्ट्या पैशांवर. गिऱ्हाइकाने माल निवडावा, भाव पटावा आणि केवळ परत द्यायला चिल्लर नाही म्हणून सौदा अडावा, हा अनुभव आपल्या पेढ्यांवर व दुकानांत अनेक पिढ्यांनी घेतलेला आहे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून नव्या पिढीला त्याची झळ फारशी लागत नाही. तथापि सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत अशी वेळ आली होती, की बाजारातून आधी सोन्याचे, मग चांदीचे आणि अखेरीस एका सेंटचे क्षुल्लक नाणेही नाहीसे झाले. सरकार यादवी युद्धात गुंतलेले होते आणि टांकसाळ अपुरी पडत होती. तेव्हा तेथील किराणा दुकानदारांनी, औषधविक्रेत्यांनी, गिरणीवाल्यांनी व खाणावळवाल्यांनी स्वतःच्या नावाची छोटी नाणी पाडून घेतली आणि लोकांनी ती निमूटपणे स्वीकारली.

नाणेसंग्राहकांना या टोकनांचे मोठे आकर्षण आहे. परंतु व्यापारी कुटुंबांनी या प्रकरणाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे असे मला वाटते. ज्याच्या नावाने नाणे निघते त्याच्यावर कोणते बंधन येते, आणि ते बंधन त्याने पाळले नाही तर भुर्दंड कोणाला पडतो, हा प्रश्न या इतिहासात अगदी एका सेंटच्या पातळीवर येऊन उभा राहतो.

नाणी गेली कोठे?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांत युद्ध सुरू झाले. सैन्य उभे करण्यास अमाप पैसा लागत होता. सोन्याचा साठा झपाट्याने घटू लागला, तेव्हा ३० डिसेंबर १८६१ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि सरकारनेही तेच केले. २५ फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने सरकारने सोन्याशी न बांधलेल्या कागदी नोटा काढल्या. त्यांच्या मागील बाजूच्या हिरव्या शाईमुळे लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. आयातीवरील जकात आणि सरकारी कर्जावरील व्याज वगळता सर्व देण्याघेण्यात त्या कायदेशीर ठरल्या.

कायद्याने नोट घेणे बंधनकारक करता येते, तिची किंमत मात्र बाजार ठरवतो. जुलै १८६२ मध्ये १०० डॉलरच्या सोन्यासाठी सुमारे ११५ डॉलरच्या नोटा मोजाव्या लागत होत्या. पुढे जुलै १८६४ मध्ये हा आकडा २८० च्या वर गेला. म्हणजे नोटेवर बट्टा बसू लागला आणि नाणे आपोआप महाग झाले.

अर्धा डॉलर, पाव डॉलर, दहा सेंट व पाच सेंट ही तेथील चांदीची चिल्लर. ती वितळवली जाऊ नये म्हणून १८५३ च्या कायद्याने तिच्यातील चांदी मुद्दाम थोडी कमी केलेली होती. पण ही संरक्षक भिंत अवघी काही टक्क्यांची होती. नोटेवरील बट्टा तिच्यापेक्षा वाढताच कागद देऊन चांदीची चिल्लर विकत घ्यावी आणि ती कॅनडाकडे किंवा दक्षिणेकडील लॅटिन अमेरिकेच्या देशांत पाठवावी, यात सरळ नफा दिसू लागला. १८६२ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांतच चांदी बाजारातून दिसेनाशी झाली. हलके चलन भारी चलनाला बाजारातून हुसकावून लावते, या नियमास अर्थशास्त्रात सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी थॉमस ग्रेशम याचे नाव दिले जाते. आपल्या जुन्या सराफांना तो नियम पुस्तकाविना ठाऊक होता: फाटकी नोट आधी खपवावी, खणखणीत रुपया गाठीला ठेवावा.

आता उरला सेंट. ८८ टक्के तांबे आणि १२ टक्के निकेल यांचे, ४.६७ ग्रॅम वजनाचे ते नाणे. त्यातील धातूची किंमत दर्शनी किमतीपेक्षा कमी होती. ते वितळवून कोणाचाही फायदा नव्हता. तरीही लोकांनी ते साठवले, कारण सुट्ट्या पैशाचे तेवढे एकच साधन शिल्लक राहिले होते. पुढे सेंटची नाणी दर्शनी किमतीपेक्षा अधिक मोल देऊन घ्यावी लागू लागली. चांदी नफ्याच्या हिशेबाने गेली, सेंट भीतीच्या हिशेबाने गेला. टंचाईच्या भीतीने टंचाई कशी वाढते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

तिकिटे, अभ्रक आणि चिठ्ठ्या

अशा वेळी व्यवहार थांबत नाही, तो पर्याय शोधतो. लोकांनी प्रथम पोस्टाची तिकिटे चिल्लर म्हणून वापरण्यास सुरुवात केली. पण तिकिटाच्या मागे गोंद असतो. खिशातील घामाने आणि हाताच्या ओलाव्याने ती एकमेकांस चिकटू लागली. सरकारी खजिन्याचा अधिकारी फ्रान्सिस स्पिनर याने कागदावर तिकिटे चिकटवून पाहिली आणि त्यातूनच सरकारच्या ‘पोस्टेज करन्सी’ या ५, १०, २५ व ५० सेंटच्या छोट्या नोटा निघाल्या. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने तिकिटांना सरकारी देण्यात मान्यता मिळाली.

जॉन गॉल्ट नावाच्या एका उद्योजकाने तर ऑगस्ट १८६२ मध्ये पेटंट घेऊन पितळेच्या गोल चौकटीत पोस्टाचे तिकीट बसवले, वर अभ्रकाचा पारदर्शक पापुद्रा लावला आणि मागील बाजू जाहिरातीसाठी विकली. एका बाजूस तिकिटाची किंमत दिसे, दुसऱ्या बाजूस एखाद्या औषधी काढ्याचे किंवा कापडदुकानाचे नाव. कल्पना नामी होती. परंतु प्रत्येक नगास तिकिटाच्या किमतीवर चौकटीचा खर्च येत असल्याने ती सर्वत्र पसरू शकली नाही.

अनेक दुकानदारांनी कागदी चिठ्ठ्या काढल्या. त्या मळत, फाटत आणि पुष्कळदा पटतच नसत. नडगीवर लावण्याच्या पट्टीइतकीच त्यांची लायकी, या अर्थाने लोक त्यांना तुच्छतेने ‘शिनप्लास्टर’ म्हणत. उपरोक्त १७ जुलैच्या कायद्याने एक डॉलरहून कमी रकमेच्या खासगी चिठ्ठ्या व टोकने पैसा म्हणून चालवण्यास मनाई केली होती. तरीही पुढच्याच वर्षी धातूच्या टोकनांचा पूर आला. कायदा मनाई करू शकत होता. पण गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला एक सेंट देऊ शकत नव्हता.

दुकानदाराच्या नावाचे नाणे

१८६२ च्या शरद ऋतूत ओहायो राज्यातील सिनसिनाटी या व्यापारी शहरात अशी टोकने प्रथम दिसू लागली. १८६३ मध्ये न्यूयॉर्क, मिशिगन, विस्कॉन्सिन, इंडियाना, इलिनॉय अशा राज्यांत ती झपाट्याने पसरली. आकार सरकारी सेंटएवढाच, सुमारे १९ मिलिमीटर. धातू बहुधा तांबे किंवा पितळ. जाडी मात्र कमी. युद्धकाळात अशी अंदाजे अडीच कोटी टोकने निघाली असावीत असे अभ्यासक मानतात. १८६३ या सबंध वर्षात सरकारी टांकसाळीने सुमारे पाच कोटी सेंट पाडले, हे लक्षात घेतले म्हणजे या खासगी उद्योगाचे प्रमाण ध्यानात येते.

टोकनांचे दोन मुख्य प्रकार होते. एका प्रकारावर दुकानदाराचे नाव, धंदा व पत्ता असे. दुसऱ्यावर कोणाचेच नाव नसे. त्यावर ध्वज, तोफ, गरुड, स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक अशी चित्रे आणि देशभक्तीची वचने असत. काही वचनांत बाजाराची बोचरी जीभही होती. सैन्यास माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना लाखोंचा मलिदा आणि सैनिकांच्या विधवांना एक सेंटही नाही, अशा अर्थाचा मजकूर असलेले एक टोकन प्रसिद्ध आहे. दुसऱ्या एका टोकनावर ध्वज उतरवू पाहणाऱ्यास जागच्या जागी गोळी घालावी असा आदेश कोरलेला होता. ठसा कोरणाऱ्याने ‘स्पॉट’ या शब्दात एक ‘ओ’ अधिक घातला आणि ती चूक संग्राहकांच्या कौतुकाचा विषय होऊन बसली.

सिनसिनाटीत जॉन स्टॅन्टन व विल्यम लॅनफिअर, न्यूयॉर्कमध्ये एमिल सिगल असे ठसे कोरणारे कुशल कारागीर होते. कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथील स्कोव्हिल कंपनी बटणे व पितळी वस्तू बनवत असे. तिनेही टोकने पाडली. दुकानदाराला फक्त एक बाजू स्वतःच्या नावाची कोरून घ्यावी लागे. दुसऱ्या बाजूस कारागिराकडील तयार ठशांपैकी एखादा निवडता येई. त्यामुळे खर्च आटोक्यात राही.

मजकुरातील सावधगिरी मोठी बोलकी आहे. सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून अनेक टोकनांवर ‘वन सेंट’ हे शब्द ठळक आणि त्यांच्या वर ‘नॉट’ हा शब्द बारीक अक्षरांत असे. घाईत पाहणाऱ्यास एक सेंट दिसावा आणि न्यायाधीशाने विचारल्यास ‘एक सेंट नव्हे’ असे दाखवता यावे! काहींवर ‘आय ओ यू’ म्हणजे ‘मी तुमचे देणे लागतो’ अशी अक्षरे होती. ट्रॉय या गावातील ऑलिव्हर बाउटवेल नावाच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तर आपल्या टोकनावर ते आपल्या कचेरीत परत घेतले जाईल असे स्पष्ट कोरून घेतले होते.

‘एक सेंट नव्हे’ म्हणणारे टोकन, ‘मी देणे लागतो’ म्हणणारे टोकन आणि ‘माझ्या कचेरीत या’ म्हणणारे टोकन. धातू एकच, वजनही जवळपास एकच. परंतु खतावणीत या तिघांची नोंद एकसारखी होऊ शकत नाही.

खतावणीच्या नजरेने

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा व्यवहार असा मांडावा. समजा, एका दुकानदाराने १,००० टोकने पाडून घेतली. त्यांची दर्शनी किंमत १० डॉलर. ती पाडून घेण्यास त्याला त्याहून कमी खर्च आला. ही टोकने गल्ल्यात पडून आहेत तोवर ते केवळ धातूचे तुकडे आहेत. ज्या क्षणी त्याने गिऱ्हाइकाला परतीच्या पैशात एक टोकन दिले, त्या क्षणी त्याच्या वहीत एका सेंटचे देणे उभे राहिले. गिऱ्हाइकाचा खरा पैसा त्याच्याकडे राहिला आणि गिऱ्हाइकाकडे फक्त त्याचे वचन गेले.

याचा दुकानदाराला होणारा लाभ तिहेरी असतो. टोकन परत येईपर्यंत ती रक्कम बिनव्याजी वापरायला मिळते. टोकन हरवले किंवा कोणी आठवण म्हणून ठेवून दिले, तर ती रक्कम कायमची त्याचीच. शिवाय त्याच्या दुकानाचे नाव व पत्ता शेकडो खिशांतून फुकट फिरत राहतो. नाणे पाडण्याचा हा नफा एरवी राजसत्तेचा असतो. टंचाईने तो दुकानदाराच्या पदरात टाकला.

म्हणूनच त्याची दुसरी बाजू तितक्याच काटेकोरपणे सांभाळावी लागते. जो देणे मानतो, तो वाटलेल्या टोकनांचा आकडा ठेवतो आणि ती परत येतील त्या दिवसासाठी गल्ल्यात सोय ठेवतो. जो त्याला नफा मानतो, तो पैसे खर्च करून मोकळा होतो.

निनावी टोकनांचा प्रश्न तर अधिकच अवघड. त्यांच्यावर ध्वज असे, पण पत्ता नसे. ती परत कोणाकडे न्यायची? तरीही ती चालली, कारण पुढचा माणूस ती घेईल असा प्रत्येकास भरवसा होता. टंचाई आहे तोवर हा भरवसा पुरतो. टंचाई सरली की साखळीत शेवटी ज्याच्या हातात ती उरतील, त्याने ती घेऊन जायचे कोठे?

न्यूयॉर्कमधील शेवटचा धारक

या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कने पाहिले. गुस्ताव्हस लिंडेनम्युलर हा तेथील एका मद्यगृहाचा मालक. १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या दाढीधारी चेहऱ्याची टोकने काढली आणि त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली असे सांगतात. एका मद्यगृहाच्या रोजच्या चिल्लरीशी या आकड्याचा काही मेळ बसत नाही. ही टोकने शहरभर फिरू लागली.

तेथील थर्ड ॲव्हेन्यू मार्गावर रुळांवरून घोडागाड्या चालवणारी कंपनी होती. प्रवाशांकडून मिळणाऱ्या भाड्यात ही टोकने तिच्याकडे साचत गेली. नाणेसंग्राहकांच्या ग्रंथांत वारंवार येणारी हकीकत अशी, की कंपनीने ती एकत्र करून लिंडेनम्युलरकडे पाठवली आणि बदली पैसे मागितले. त्याने हसून नकार दिला. कंपनीकडे दाद मागण्याचा मार्ग नव्हता. टोकनावर परतफेडीचे वचन लिहिलेलेच नव्हते.

ट्रॉयचा गिरणीवाला आणि न्यूयॉर्कचा मद्यगृहवाला या दोघांनी एकाच वर्षी, एकाच गरजेपोटी टोकने काढली. पहिल्याच्या टोकनावर त्याने स्वतःला बांधून घेतले होते. दुसऱ्याने चेहरा दिला, शब्द दिला नाही. आपल्याकडे दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजणाऱ्या पेढीची पत हुंडीच्या कागदावर नसे, तर मागील शेकडो हुंड्या वेळेवर पटल्या या लौकिकावर असे. परतलेली एक हुंडी गावोगावी कळे आणि त्या पेढीच्या पुढच्या सर्व हुंड्यांवर बट्टा बसे. लिंडेनम्युलरच्या नकाराचा परिणामही त्याच्यापुरता राहिला नाही. अशा प्रकारांमुळेच सरकारने खासगी नाण्यांवर कठोर बंदी आणली असे मानले जाते.

टांकसाळ काय शिकली?

या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक होते. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली. सरकारी सेंट जाड व निकेलमिश्रित. खासगी टोकने पातळ व हलकी. तरीही लोक ती खळखळ न करता घेत होते. याचा अर्थ, छोट्या नाण्यात लोक धातूची किंमत शोधत नाहीत. त्यांना हिशेब पुरा करण्याची सोय हवी असते. मग कठीण, महाग निकेल कशाला वापरायचे?

निकेलच्या बाजूने मोठे वजन होते. पेनसिल्व्हेनियातील निकेलच्या खाणीचे मालक जोसेफ व्हॉर्टन यांनी या बदलास विरोध केला. आपल्या घरातील व्यवस्थापन शिकणारी मुले ज्या व्हॉर्टन स्कूलचे नाव आदराने घेतात, ती संस्था १८८१ मध्ये याच गृहस्थांच्या देणगीतून उभी राहिली. पण या वेळी त्यांचे चालले नाही.

२२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने सेंट ९५ टक्के तांबे व उरलेले कथील आणि जस्त असा कांस्याचा झाला. त्याचे वजन ३.११ ग्रॅमवर आले. सोबत दोन सेंटचे नवे नाणे निघाले. याच कायद्याने एक व दोन सेंटची खासगी नाणी पाडण्यास व चालवण्यास शिक्षा ठरवली आणि ८ जून १८६४ च्या कायद्याने ही बंदी सर्व धातूंच्या खासगी नाण्यांना लागू झाली. टोकनांचा काळ संपला. ज्या व्यापाऱ्यांच्या युक्तीवरून सरकारने पातळ नाण्याचा धडा घेतला, त्यांनाच ती युक्ती वापरण्यास मनाई झाली. यात अन्याय मानण्याचे कारण नाही. अडीच कोटी वचनांमागे कोण उभे आहे हे तपासण्याचा दुसरा मार्ग सरकारपुढे नव्हता.

तथापि या कथेचा उत्तरार्ध मला अधिक उद्बोधक वाटतो. कांस्याचा नवा सेंट कायदेशीर चलन होता, पण केवळ दहा सेंटपर्यंतच्या देण्यासाठी. साचलेली छोटी नाणी सरकारी खजिन्यात नेऊन मोठ्या नोटा मागण्याची सोय नव्हती. युद्धानंतर अशी नाणी विपुल झाली, तेव्हा ती किरकोळ विक्रेत्यांकडे साचू लागली आणि त्यांची पंचाईत झाली. म्हणजे घोडागाडी कंपनीची जी अडचण लिंडेनम्युलरपुढे झाली होती, तीच आता सामान्य दुकानदाराची सरकारपुढे झाली! अखेर ३ मार्च १८७१ च्या कायद्याने किमान २० डॉलरच्या रकमेची छोटी नाणी खजिन्याने बदलून द्यावीत असे ठरले. परतफेडीचा नियम दुकानदारास जितका लागू, तितकाच सरकारलाही लागू आहे, हे मान्य व्हायला सात वर्षे लागली.

आपल्याकडील युद्धकाळ

असाच प्रसंग दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशावर आला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्याची बातमी येताच लोकांनी नोटा देऊन रुपयाची चांदीची नाणी मागण्यास गर्दी केली. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे गुन्हा ठरवले आणि जुलै १९४० मध्ये एक रुपयाची नोट चलनात आणली. १९४२-४३ मध्ये आणे-पैशांचीही तीव्र टंचाई झाली. धातू वाचवण्यासाठी १९४३ मध्ये मध्ये भोक असलेला पैसा निघाला. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हा ‘भोकाचा पैसा’ आठवत असेल. करगोट्यात किंवा दोऱ्यात तो ओवून ठेवता येई.

काठियावाडातील मोरवी, जुनागढ, नवानगर आणि राजस्थानातील बिकानेर, बुंदी अशा संस्थानांनी त्या काळात पुठ्ठ्याची छोटी ‘कॅश कूपन’ काढली. ब्रिटिश मुलखात खासगी धातूची टोकने पैसा म्हणून पाडण्यास १८८९ च्या मेटल टोकन्स ॲक्टने आधीच मनाई होती. पुढे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने धारकास मागताक्षणी देय अशी हुंडी किंवा वचनचिठ्ठी खासगी व्यक्तीने काढण्यासही बंदी घातली. या कलमात ‘हुंडी’ हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. धारकास मागताक्षणी देय असलेला कागद म्हणजे नोटच. आणि नोटेमागे कोण उभे आहे हे प्रत्येक हातास विचारत बसता येत नाही, हे त्याचे मर्म.

बँकेच्या सेवेत असताना एका तालुक्याच्या बाजारपेठेत मी चिल्लरटंचाईचे दिवस पाहिले आहेत. शाखेत येणाऱ्या नाण्यांच्या थैल्या दुपारपर्यंत रिकाम्या होत. तेथील एक वयोवृद्ध किराणा व्यापारी सुट्टे नसल्यास शिक्का मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा देत. भाजीवाली आणि दूधवाला तो त्यांच्या नावावर बिनतक्रार घेत. शेजारच्या दुकानातही तसेच तुकडे मिळत. ते मात्र त्या दुकानाची पायरी उतरताच कोणी घेत नसे. पुठ्ठा एकाच कारखान्याचा असावा. फरक एवढाच, की पहिल्या दुकानी सायंकाळी कोणी तुकडे घेऊन आला, तर ते गृहस्थ दिवसाचा हिशेब बाजूस ठेवून आधी त्याचे पैसे मोजत.

आजची टोकने

हा इतिहास जुना झाला असे म्हणून चालणार नाही. आज आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांतून भेटीची कूपने, खरेदीवर मिळणारे गुण आणि माल परत केल्यावर दिली जाणारी क्रेडिट नोट यांचा सर्रास वापर होतो. स्वतःच्याच दुकानात चालणारे कूपन काढण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणजे १८६३ मधील दुकानदारास जे स्वातंत्र्य टंचाईने मिळाले होते, ते एका मर्यादेत आज आपणास नियमाने मिळालेले आहे.

या सवलतीसोबत तीन पथ्ये पाळावीत, असे एक जुना बँक अधिकारी म्हणून सुचवावेसे वाटते. पहिले, दिलेले प्रत्येक कूपन वहीत देणे म्हणून नोंदवावे. त्याचा पैसा आला म्हणून तो विक्रीच्या नफ्यात धरू नये. दुसरे, मुदत व अटी ठळक लिहाव्यात; ‘नॉट’ हा शब्द बारीक अक्षरांत छापण्याची युक्ती कायद्याच्या कचाट्यातून कदाचित सोडवील, गिऱ्हाइकाच्या मनातून उतरल्यावर मात्र कोणी सोडवणार नाही. तिसरे, ज्याला काउंटरवर वाद घालता येत नाही अशा गिऱ्हाइकाच्या बाबतीत मुदतीचे दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी ते कूपन घ्यावे. त्यात जाणारी रक्कम अल्प असते.

सुट्ट्या एक-दोन रुपयांऐवजी हातावर गोळी ठेवण्याची सवयही याच प्रकारात मोडते. ती गोळी आपण गिऱ्हाइकाकडून परत घेऊ का, हा प्रश्न स्वतःस विचारला म्हणजे ती चिल्लर आहे की न मागितलेल्या मालाची विक्री, हे समजते. आपण जे परत घेणार नाही, ते पैशाऐवजी देऊ नये. एवढा नियम पुरेसा आहे.

सेंट हे रकमेने अमेरिकेतील सर्वांत लहान नाणे होते. परंतु त्याच्याबाबतीत दिलेला शब्द लहान नव्हता. लाखाचा व्यवहार करताना करारनामे, साक्षीदार व वकील असतात. एका सेंटसाठी कोणी करार करत नाही आणि कोर्टात जात नाही. तेथे दुकानदाराच्या बोलण्याखेरीज दुसरे तारण नसते. आपल्या पूर्वजांनी पेढीची पत ज्या हिशेबाने राखली, त्यात अशा बारीक देण्यांचाही हिशेब असे. पुढील पिढीकडे दुकानाच्या किल्ल्या देताना ही वहीही तिच्या हाती द्यावी.